दरमहा २५ रुपये: बाबासाहेबांच्या शिक्षणाचा जमाखर्च

स्मरणिका समितीने सांगितलं की आपल्या शाळेच्या सभागृहात ज्यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या, त्यांच्यापैकी कोणा एकाचं चरित्र लिहा. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडले. घटना, महाड, काळाराम, नागपूर हे सगळं आपण पाठ्यपुस्तकात वाचलं, त्यावर निबंध लिहिले आणि गुणही मिळवले. पण परदेशात शिकणारा, खिशात पैसे नसलेला, खोलीचं भाडं आणि कॉलेजची फी यांची तोंडमिळवणी करणारा विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे आपण फारसं पाहिलं नाही. या लेखात मुख्यतः तेच पाहायचं आहे. कारण उघड आहे. आज आपल्या वर्गातल्या किती जणांची मुलं टोरांटो, मेलबर्न, डब्लिन आणि म्युनिकला आहेत! आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खालोखाल कसले निरोप येत असतील, तर ते या मुलांच्या राहण्याचे आणि फीचे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगडजवळचं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर काही वर्षं सातारा, आणि मग मुंबई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहत असे. चूल तिथेच, सरपण तिथेच, जातं तिथेच आणि शेळीही तिथेच बांधलेली. वडिलांनी अभ्यासाची एक युक्ती काढली होती. मुलाने लवकर झोपायचं, रात्री दोन वाजता वडिलांनी त्याला उठवायचं आणि मग वडिलांनी त्याच जागी आडवं व्हायचं. चिमणीच्या उजेडात अभ्यास व्हायचा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या आपल्यातल्या पुष्कळांना जागेची ही वाटणी नवी नाही.

मुलाला पुस्तकांची भूक होती आणि सुभेदारांचं पेन्शन तुटपुंजं होतं. पुस्तक हवं असलं की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात. कधी पैसे उसने घेत, कधी एखादा दागिना. दागिना सावकाराकडे गहाण पडे आणि पेन्शन हाती आलं की सोडवून परत मुलीच्या हातात जाई. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या खात्यात पहिली जमा आहे ती या दोन बहिणींच्या दागिन्यांची. पुढची नावं मोठमोठी आहेत, पण क्रम विसरता कामा नये.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही एवढी मोठी गोष्ट होती की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. त्या सभेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसणाऱ्या या मुलाला त्यांनी आधीच हेरलं होतं. भीमराव काही त्यांच्या शाळेतले विद्यार्थी नव्हते. तरीही गुरुजी चौकशी करत, पुस्तकं देत. सभेच्या दिवशी त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. त्या भेटीचं महत्त्व सगळ्या देशाला कळायला १९५६ साल उजाडावं लागलं.

इंटरपर्यंत वडिलांनी कसंबसं निभावलं. पुढे पैसे संपले. तेव्हा केळुसकर गुरुजी या मुलाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक मुल्लर पुस्तकं देत, कपडेही देत. या मदतीवर १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. शाळेत न शिकवलेल्या विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक ओळखीचा वापर करतो, त्याला सोबत घेऊन दारात उभा राहतो, ही गोष्ट आपल्या माजी शिक्षकांनी या लेखात मुद्दाम वाचावी. तुम्ही लिहिलेलं एखादं शिफारसपत्र कुठे पोहोचेल, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

दरम्यान १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार बंद झाल्यावर, भीमरावांचं रमाबाईंशी लग्न झालं होतं. बी.ए.नंतर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला सुभेदार गेले. ज्याने रात्री दोनला उठवलं, तो माणूस मुलाचं पुढचं शिक्षण पाहायला उरला नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. भीमरावांची निवड झाली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपवून परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, ही अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

सुरुवातीच्या दिवसांत त्यांचंही तेच झालं, जे आजच्या मुलांचं होतं. वसतिगृह बदललं, जेवण रुचेना, काही आठवडे अभ्यासात मन लागेना. मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते स्थिरावले. तिथे त्यांना नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला. हे नाव लक्षात ठेवायचं, कारण पुढच्या दहा वर्षांच्या हिशोबात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

साडेअकरा पौंडांतून स्वतःचा खर्च भागवून घरीही पैसे पाठवायचे होते. त्यामुळे नाटक, सहल, दारू काहीच नाही. उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तकं गोळा केली. एडविन सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारख्यांच्या वर्गात ते बसले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवर त्यांनी निबंध वाचला. त्या वेळी त्यांचं वय २५ होतं. आपण त्या वयात पहिल्या नोकरीचा पगार घरी देत होतो.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन अभ्यास एकदम सुरू झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. एवढी सवलत मात्र मिळाली की प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली.

महायुद्ध चालू होतं. सामान आणि पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज पाणतीराने बुडालं. भीमराव मार्सेलहून कैसर-ए-हिंद या बोटीने निघाले आणि २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला उतरले. बोट बुडाल्याची बातमी आधी पोहोचल्याने घरचे हवालदिल झाले होते. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, त्यातले काही पैसे घरी देऊन उरलेल्यात त्यांनी बडोद्याचं तिकीट काढलं. कराराप्रमाणे नोकरीला जायचं होतं.

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. शहरात कोणी राहायला जागा देईना. अखेर एका पारशी सराईत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळच्या आत निघून जायला सांगितलं. ओळखीपाळखीच्या कोणीच दार उघडलं नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत झाडाखाली बसले आणि मुंबईला परतले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात ज्याला खोली मिळाली, लंडनमध्ये ज्याला खोली मिळाली, त्याला आपल्या देशात, महाराजांच्या नोकरीत असताना, महाराजांच्याच राजधानीत खोली मिळाली नाही. परदेशात घर न मिळणाऱ्या मुलांबद्दल आपण हळहळतो. तशी हळहळ करताना आपल्या इमारतीत भाडेकरू ठेवण्याआधी आपण आडनाव का विचारतो, हेही एकदा स्वतःला विचारायला हवं.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार ४५० रुपये. त्यांचं शिकवणं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येत. तरी काही सहकाऱ्यांनी सामाईक माठातलं पाणी त्यांनी पिण्याला हरकत घेतलीच.

४५० रुपये ही त्या काळी चैनीत राहण्याजोगी रक्कम होती. पण कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. रमाबाईंना घरखर्चाला ठरावीक रक्कम मिळे आणि बाकी लंडनसाठी बाजूला पडे, कारण चार वर्षांची मुदत चालू होती. घाटकोपरला द्रुतगती मार्गालगतच्या वस्तीला माता रमाबाईंचं नाव आहे. आपल्यातले कितीतरी जण रोज त्या पाटीवरून जातात. नवऱ्याच्या परदेशी शिक्षणाची किंमत त्या बाईने कशी मोजली, हे मात्र पाटीवर लिहिता येत नाही. पाच मुलं झाली, त्यांतला एकटा यशवंत जगला. नवरा साता समुद्रापार असताना आणि हातात मोजके पैसे असताना घर त्यांनी सांभाळलं.

याच सुमारास कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांच्या आयुष्यात आले. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या मूकनायक पाक्षिकाला महाराजांनी २५०० रुपये दिले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला ते स्वतः आले. लंडनसाठीही त्यांनी १५०० रुपयांचा हात दिला. नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. स्वतःची शिल्लक त्यात घालून जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. करारातली दहा वर्षांची नोकरी पुरी झाली नव्हती, त्यामुळे बडोद्याकडून आता काही मागणं शक्य नव्हतं.

लंडनचे हे दिवस सगळ्यांत हलाखीचे. घरमालकीण कडक होती. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मुरंबा किंवा मासा आणि एक कप बॉव्हरिल, एवढ्यावर बाहेर पडायचं. भाडं वाचवायला चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं आणि रखवालदार बंद करायला येईपर्यंत बसायचं. दुपारचं जेवण बहुधा नाहीच. रात्री पुन्हा पातळसं काहीतरी. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून दुधाबरोबर खायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचं. खोलीत सोबत असनोडकर नावाचे विद्यार्थी होते. त्यांना मध्यरात्री जाग आली की हा माणूस वाचतानाच दिसे. आज ती किंग हेन्रीज रोडवरची १० क्रमांकाची इमारत महाराष्ट्र सरकारने विकत घेतली आहे, तिथे स्मारक आहे. लंडनला मुलांकडे गेलात तर जरूर पाहून या. पापड खाऊन राहिलेल्या भाडेकरूचं घर पाहायला आता लोक लांबून येतात.

पैसे पुरेनात. भीमरावांनी भथेनांना पत्रं लिहिली, शाहू महाराजांनाही १९२१ च्या सप्टेंबरात कर्ज मागणारं पत्र लिहिलं. मागताना त्यांना किती जड गेलं असेल! पण त्यांनी मागितलं. याबद्दल आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवं. परदेशात अडचणीत सापडलेली मुलं घरी कळवत नाहीत. आईबाबांनी कर्ज काढलंय, त्यांना काळजी नको, म्हणून गप्प राहतात. एक वेळ जेवतात, थंडीत हीटर बंद ठेवतात आणि व्हिडिओ कॉलवर हसतात. मदत मागणं म्हणजे हरणं नव्हे, याला बाबासाहेबांच्या आयुष्याइतका भक्कम दाखला दुसरा नाही. ज्याच्या स्वाभिमानाबद्दल शंका घ्यायची कोणाची छाती नाही, त्या माणसाने मित्राला आणि महाराजांना पैशासाठी पत्रं लिहिली.

जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते बॅरिस्टर झाले. मात्र त्याआधी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचं निधन झालं होतं. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. इंग्रज सरकारच्या चलननीतीवर त्यात कडक टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. लंडनमध्ये थांबून लिहायला पैसे नव्हते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. परळच्या त्या चाळीत बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि पाठवला. नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. बॅरिस्टरी करायला सनद हवी, सनदेला पैसे हवेत. तेही भथेनांनी दिले.

इथपर्यंत झाली जमेची बाजू. बहिणींचे दागिने, केळुसकर गुरुजींचा शब्द, मुल्लर यांचे कपडे, सयाजीरावांचे २५ रुपये आणि साडेअकरा पौंड, कॅनन यांची शिफारस, शाहू महाराजांचा हात, भथेनांचं कर्ज आणि रमाबाईंचा संसार. जात, धर्म, देश पाहिले तर ही माणसं एका पंगतीत बसणारी नव्हती. पण एका मुलाच्या शिक्षणासाठी ती एकत्र आली.

आता खर्चाची बाजू, म्हणजे बाबासाहेबांनी हे ऋण कसं फेडलं ती. ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत त्याची नोंद सापडते. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आईवडिलांना अर्पण केला आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा १९२५ सालचा ग्रंथ शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल सयाजीरावांना अर्पण केला आहे. पाकिस्तानविषयीचा ग्रंथ रमाबाईंना अर्पण केला आहे. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या, त्याला तोवर काही वर्षं झाली होती.

पण खरी फेड पुढच्या विद्यार्थ्यांना झाली. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह. ज्याला बडोद्यात कोणी खोली दिली नाही, त्याने संस्था काढल्यावर आधी मुलांच्या राहण्याची सोय केली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यातून या समाजातल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची वाट उघडली. महिना २५ रुपयांवर शिकलेल्या मुलाने लिहिलेला हा खर्चाचा आकडा आहे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. मग औरंगाबादला मिलिंद कॉलेज उभं राहिलं.

१९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली, तेव्हा घटना लिहून झाली होती. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. केळुसकर गुरुजींच्या भेटीला तेव्हा ४९ वर्षं झाली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

आज परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. बँका कर्ज देतात. तरीही मधली फट राहतेच. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा येतो, डॉलर चढतो, खोलीची अनामत आगाऊ मागतात, अर्धवेळ काम सुटतं. सरकारी योजना मोठी रक्कम देते, पण तिला मंगळवारी संध्याकाळी फोन करता येत नाही. अशा वेळी भथेना लागतो.

आपल्या वर्गात असे भथेना पुष्कळ आहेत. कोणी सिंगापूरला स्थिरावलं आहे, कोणी न्यू जर्सीला. कोणी बोरिवलीत बँकेत आहे, कोणी मुलुंडला वकिली करतं, कोणी अंधेरीत स्वतःचं ऑफिस चालवतं. मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर जेवणाच्या कुपनांशेजारी एक साधी वही ठेवलेली असेल. परदेशात राहणाऱ्यांनी तिच्यात आपलं शहर लिहावं आणि नव्याने येणाऱ्या मुलाला पहिले आठ-दहा दिवस घरी ठेवून घेता येईल का, तेही लिहावं. इथल्यांनी हातउसने किती देता येतील ते लिहावं. शिक्षकांनी फक्त सही केली तरी चालेल, शिफारसपत्रासाठी आम्ही घरी येऊ. आणि ज्यांच्या मुलांना आत्ता गरज आहे त्यांनी शेवटच्या पानावर लिहावं. नाव नको असेल तर नुसता फोन नंबर पुरे.